राग पाहिलेलं माणूस

३ फेब्रुवारी

वहिनी, नमस्कार.

गेल्या मंगळवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी, चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये, माझं सगळं बदललं. वेळ बिनचूक सांगतोय, कारण लिफ्ट बंद पडली तेव्हा मी घड्याळाकडेच बघत होतो. साडेदहाला पाचव्या मजल्यावर मुलाखत होती.

तुम्ही म्हणाल, मुलाखत कसली? भाऊजींना तर नोव्हेंबरपासून नोकरी आहे. आराखडे काढायचं ऑफिस, खिडकीजवळचं टेबल, टेबलावर झाडाची कुंडी. वहिनी, ते ऑफिस नाही. टेबल नाही, खिडकी नाही. कुंडी लिहिताना तर माझं मलाच जरा जास्त होतंय असं वाटलं होतं, पण हात थांबला नाही. इथे येऊन साडेतीन महिने झाले, एकतीस ठिकाणी जाऊन आलो. सगळीकडे हसून खुर्ची देतात, पाणी देतात आणि विचारतात, "इथल्या कामाचा अनुभव?" नाही म्हटलं की पुन्हा हसतात. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, त्यातली गत. त्यात माझं शिक्षण तिसऱ्या वर्षात तुटलेलं. समोरचा माणूस कागदावर बरोबर त्याच जागी बोट ठेवतो.

तर लिफ्ट. पाच मिनिटं मी सभ्यपणे बटणं दाबली. मग दाराला लाथ घातली. मग दुसरी. तेवढ्यात डोक्यावरून, लिफ्टच्या टपावरून, आवाज आला, "लाथा मारून झाल्या की सांग. मग काढतो."

तो लिफ्टचा मिस्त्री होता. साठीचा, जाड भिंगाच्या चष्म्याचा, बोलताना समोरच्याकडे न बघणारा. मी बाहेर पडलो तेव्हा अकरा वाजून गेले होते आणि मुलाखत घेणाऱ्या बाईंनी वही मिटली होती. मी त्याला चार शब्द सुनवायला परत गेलो. पण तो एकटाच काम करत होता. खाली जिन्याखालच्या खोलीत जायचं, बटण दाबून लिफ्ट हातभर हलवायची, धापा टाकत वर यायचं, बघायचं, पुन्हा खाली. अशा चार खेपा मी पाहिल्या. पाचव्या खेपेला म्हटलं, "तुम्ही इथेच थांबा, मी दाबतो." दुपारी दोनपर्यंत आम्ही काम केलं. त्याने मला डब्यातला अर्धा पाव दिला. मी म्हटलं, मला कामावर घ्या.

तो म्हणाला, "या शहरात तुला ओळखणारं कोण आहे? चांगलं बोलणारं नको, तसली पुष्कळ मिळतात. तुला रागावलेला पाहिलंय असं एक माणूस मला दे. त्याच्याशी बोलतो, मग सांगतो."

हे त्याचं खूळ आहे असं त्याच्या कंपनीतल्या बाई म्हणाल्या. पण मिस्त्री आत, लिफ्टच्या टपावर, आणि बटण बाहेरच्याच्या हातात. त्यामुळे जोडीदार निवडायचा हक्क त्याचाच.

वहिनी, या शहरात चाळीस लाख माणसं आहेत आणि मला रागावलेला पाहिलेलं एकच. तुम्हाला माहीत आहे कोण. जिच्याबद्दल वर्गातला तो कळकट काहीबाही बोलला, जिच्यासाठी मी त्याच्या कानाखाली आवाज काढला, प्राचार्यांनी माफी माग म्हटल्यावर जिच्यासाठी कॉलेजवर लाथ मारून निघालो, ती. ती एक वर्ष पुढे होती, पास झाली आणि शिष्यवृत्ती घेऊन इथे आली. मी मागून आलो. आल्या आल्या तिच्या प्रयोगशाळेच्या कँटीनमध्ये भेटलो होतो. चाळीस मिनिटं. ती म्हणाली, "तू का आलास?" मी म्हटलं, नोकरीला. त्यानंतर भेट नाही. नंबर मात्र आहे. तोच देणार आहे.

एप्रिलअखेर भाषेच्या वर्गासाठी मिळालेला माझा राहण्याचा परवाना संपतो. तोवर काम मिळालं तर राहता येईल, नाहीतर परत. दादाला यातलं काही सांगू नका. त्याने "घरी फोन करायचा नाही" म्हटलंय ना, मग तो तुमच्या शाळेच्या पत्त्यावर पाठवलेली पत्रंही न वाचो.

तुमचा,
भाऊजी


१६ फेब्रुवारी

भाऊजी, अनेक आशीर्वाद.

कुंडीवरच मला संशय आला होता. ज्या माणसाने जन्मात स्वतःच्या अंघोळीचा टॉवेल वाळत घातला नाही तो झाडाला पाणी घालतोय, हे माझ्या पचनी पडेना. पण विचारलं नाही. म्हटलं, जमदग्नी आहेत, शांत होतील तेव्हा बोलतील. तुमचं खोटं फार दिवस टिकत नाही हा तुमचा गुण म्हणायचा की दोष, ते मला नऊ वर्षांत ठरवता आलेलं नाही.

एकतीस ठिकाणी नाही म्हणाले हे वाचून मात्र पत्र बाजूला ठेवावं लागलं. शिक्षकांच्या खोलीत बसले होते. शेजारच्या बाईंनी विचारलं, "काय हो, कोण आजारी आहे का?" मी म्हटलं, नाही, चष्म्याचा नंबर वाढलाय.

आता ऐका. तो नंबर देऊ नका. तुम्ही त्या मिस्त्रीला वशिला देताय असं तुम्हाला वाटतंय. तो मागतोय ते वेगळं आहे आणि तिच्यावर ते ओझं टाकायचा तुम्हाला काय अधिकार? ती तुमच्यासाठी खोटं बोलली तर तिला लाज, खरं बोलली तर तुमची नोकरी जाणार. दोन्हीकडून तिचीच पंचाईत. एकदा "का आलास" म्हणाली ना? तो प्रश्न होता, भाऊजी. त्याचं उत्तर तुम्ही अजून दिलेलं नाही.

दुसरं. तुमचे दादा परवा प्राचार्यांना भेटून आले. मला सांगितलं नाही, त्यांच्या शर्टाच्या खिशात कॉलेजच्या फाटकावरची पावती सापडली. मग विचारल्यावर बोलले. एप्रिलअखेरपर्यंत लेखी माफी आली तर तिसऱ्या वर्षाला पुन्हा बसू देतील. एक कागद, चार ओळी. तुमचं टेबल आहे तसंच आहे. त्यावर आता माझे तपासायचे पेपर असतात, पण ते हलवता येतात.

परवा बाजारात तिच्या आईची गाठ पडली. उभ्या उभ्या बोलणं झालं. मुलगी मजेत आहे म्हणाल्या. बाकी विशेष काही नाही.

दादा तुमचं नाव काढत नाहीत. पण त्या शहराचं हवामान रोज बघतात.

तुमची,
वहिनी


४ मार्च

वहिनी,

तुमचं पत्र आलं तेव्हा बाण सुटलेला होता. आणि लागलाही. मला काम मिळालं.

नंबर मी आधीच देऊन बसलो होतो. तिला चिठ्ठीही पाठवली होती, मिस्त्री विचारील तेव्हा काय सांगायचं त्याची. रागावतो पण लगेच शांत होतो, मोठ्यांचा मान ठेवतो, वगैरे. पाठ करायला सोपं जावं म्हणून पाचच वाक्यं. मिस्त्रीने माझ्यासमोरच फोन लावला. मला इथली भाषा समोरून बोलली तर कळते, पण फोनवर एकाच बाजूची कशी कळणार? तो पाठ फिरवून हळू आवाजात काही विचारायचा, मग नुसता "हं, हं" करायचा. शेवटी एकदा मोठ्याने हसला. अकरा मिनिटं. फोन ठेवून म्हणाला, "सोमवारी सातला ये."

अकरा मिनिटं ती माझ्याबद्दल बोलली, वहिनी. जी माझ्याशी चाळीस मिनिटांत चार वाक्यं बोलली ती. तुम्ही म्हणता तिच्यावर ओझं. ओझं असतं तर दोन मिनिटांत ठेवला असता फोन. शिवाय तिच्या आईशी तुमचं बोलणं झालं, त्या नीट बोलल्या, मुलगी मजेत आहे म्हणाल्या, विशेष काही नाही म्हणजे वाटेत कोणी नाही. मला सगळं एकाच दिशेने जाताना दिसतंय.

काम असं. सकाळी सातला कंपनीच्या गाडीतून निघायचं, दिवसात तीन-चार इमारती. मिस्त्री आधी मेन स्विच बंद करतो, त्याला स्वतःचं कुलूप लावतो, चावी गळ्यात. मग पाटी: माणूस आत आहे. मग लिफ्टची विहीर. खरंच विहीरच ती, फक्त पाण्याऐवजी अंधार आणि ग्रीसचा वास. मी वरून बॅटरी धरतो, पाने देतो, चिंधी देतो. बटणाला अजून हात लावायचा नाही, नव्या माणसाला पहिले काही आठवडे नियमच तसा असणार. माझा हात त्या मंगळवारी त्याने पाहिलेलाच आहे, पण शिस्त म्हणजे शिस्त.

खोली सांगायची राहिली. जिन्याच्या टोकाला, उतरत्या छताची. पलंगावर उठून बसलं की डोकं आपटतं, ते पहिला महिनाभर आपटलं. घरमालकीण खाली राहते. तिने एक यादी भिंतीला लावून दिलीय, काय करायचं नाही त्याची. सतरा कलमं. सगळी मी पाळतो, कारण ती मोडायला कोणीतरी यावं लागतं. शनिवारी दुपारी गाडीतून उतरल्यावर सोमवारी सकाळपर्यंत माझ्याशी कोणी बोलत नाही. गेल्या रविवारी कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन काडेपेटी मागितली. माझ्याकडे दोन होत्या. दुकानदार म्हणाला, "एकच?" मी म्हटलं, "एकच." घरी आलो. तेवढं झालं बोलून.

पण आता ते दिवस संपले म्हणायचे.

माफीचं मात्र नाव काढू नका. केलं ते तिच्यासाठी केलं, आणि ती हे जाणते, हे आता सिद्ध झालंय.

भाऊजी


९ मार्च

हे पत्र वाचून फाडून टाकलंस तरी चालेल, पण आधी पूर्ण वाच.

तुझी पाच वाक्यं मिळाली. त्यातलं एकही मी तुझ्या मिस्त्रींना सांगितलं नाही. तू परवा निरोप ठेवलास, "तुझे उपकार विसरणार नाही." त्यामुळे हे लिहिणं भाग आहे.

त्यांनी मला तीन गोष्टी विचारल्या. राग आला की तो काय करतो. त्या वेळी जवळ कोण होतं. आणि जवळच्याचं काय झालं. असे प्रश्न मला आजवर कोणी विचारले नव्हते. घरीसुद्धा नाही. म्हणून मी उत्तरं दिली.

मी सांगितलं की तू एकाला मारलंस, तो काचेच्या दारावर गेला, आणि त्या दारामागे, तुला आवरायला धावलेली मी होते. माझ्या डाव्या मनगटाला पाच टाके पडले. तू प्राचार्यांच्या खोलीकडे गेलास, तिथून रस्त्यावर गेलास. मागे वळून पाहिलं नाहीस. दुसऱ्या दिवशी तू मला निरोप पाठवलास की तुझ्यासाठी कॉलेज सोडलं. कँटीनमध्ये भेटलास तेव्हा मी मुद्दाम बाही वर केली होती. तू बोलतच होतास.

त्यांनी विचारलं, "त्याच्या हातात बटण असेल तर तू आत उतरशील?" मी म्हटलं, नाही. मग विचारलं, खोटं बोलतो का? मी म्हटलं, बोलतो, पण त्याला पेलवत नाही, दोन-तीन महिन्यांत आपणच सांगून टाकतो. तेव्हा ते हसले. त्यांनी तुला तरीही का घेतलं ते मला माहीत नाही. काम मिळालं याचा मला आनंद आहे. पण ते माझ्यामुळे मिळालं असं समजू नकोस.

दुसरी गोष्ट तुला कळलीच असेल, माझ्या आईने तुझ्या वहिनींना सांगितलंय. माझं लग्न ठरलंय. त्याचं काम दुसऱ्या शहरात आहे, एक एप्रिलला मी तिकडे जाते. जाण्याआधी हे सगळं तुझ्या तोंडावर एकदा बोलावं असं वाटतं, म्हणजे दोघांच्याही डोक्यातून जाईल. सत्तावीस तारखेला दुपारी बाराला, त्याच कँटीनमध्ये. एक वाजेपर्यंत थांबेन. त्यानंतर मात्र नंबर पुसून टाक.


१२ मार्च

वहिनी,

"विशेष काही नाही." हे तुमच्या हातचं वाक्य आहे, मी पुन्हा काढून वाचलं. अक्षरही हललेलं नाही. शाळेत पोरांना खरं बोलायला शिकवता ना तुम्ही?

सत्तावीसला तिला भेटायला जाणार. काय बोलणार ते तुम्हाला कळवण्याचं कारण नाही. त्यानंतर इथे राहिलो काय, तिथे आलो काय, सारखंच. दादाला सांगून टाका सगळं. माझ्यामुळे तिच्या मनगटाला पाच टाके पडले तेही सांगा. तोही एकदा हसू दे.

मिस्त्री मला बटणाला का हात लावू देत नाही तेही आता कळलं.


२४ मार्च

भाऊजी,

हे पत्र सत्तावीसच्या आत पोचणार नाही, म्हणून उपदेश करत नाही. झालं असेल ते झालं असेल.

तुम्ही तीन महिने अख्खं ऑफिस लपवलंत, मी एक वाक्य लपवलं. फिटंफाट म्हणता येईल, पण म्हणत नाही. मी चुकले. मला वाटलं, माणूस परक्या गावी एकटा आहे, त्याच्या हातात एवढीच एक काठी आहे, ती मी इथून पत्राने कशी काढून घेऊ? काठी नव्हती ती, हे मला कळत होतं. तरीही.

मनगटाचं दादांना सांगायची गरज नाही. त्या दिवशी कॉलेजने पालक म्हणून त्यांनाच बोलावलं होतं. ते पोचले तेव्हा तुम्ही निघून गेला होता. टाके घालताना ती मुलगी त्यांचा हात धरून बसली होती, भाऊजी. तिनेच शपथ घातली, त्याला सांगू नका, तो पुन्हा त्या मुलाला मारायला जाईल. म्हणून ते गप्प राहिले, आणि गप्प राहवेना म्हणून तुमच्याशी बोलणंच सोडलं. फोन करू नको म्हणाले ते त्यासाठी. तुमचा आवाज ऐकला की तोंडून निघून जाईल अशी भीती. तुम्ही समजलात कॉलेज सोडलं म्हणून राग. मीही बरेच दिवस तसंच समजले.

आणखी एक सांगते, हे कधी बोलले नाही. मी या घरात आले तेव्हा तुम्ही आठवीत होता. पहिले सहा महिने मला या घरात चमचासुद्धा कुठे ठेवायचा हे विचारावं लागायचं. सगळे चांगले वागायचे, हसून सांगायचे. त्या हसण्याचाच त्रास व्हायचा. दुपारी सगळे झोपले की मी मागच्या पायरीवर बसून रस्त्यावरून जाणाऱ्यांना मनातल्या मनात नावं ठेवत बसे. एक दिवस तुम्ही शाळेतून तणतणत आलात आणि माझ्यावर खेकसलात, "वहिनी, माझा कंपास कुठे ठेवलास?" पहिल्यांदाच कोणी माझ्यावर घरच्यासारखं ओरडलं होतं. तुमचा राग मला तेव्हापासून माहीत आहे. त्याने माझं भलं केलं, तिचं मनगट कापलं. दोन्ही खरं.

काडेपेटीवाला परिच्छेद मी तीनदा वाचला. दादांनाही दाखवला. त्यांनी वाचून परत दिला आणि म्हणाले, "त्याला म्हणावं, ये." एवढंच. तेव्हा या. माफीचा कागद मी लिहून देते, तुम्ही सही करा. टेबल मोकळं केलंय.

वहिनी


८ एप्रिल

ती. वहिनींना साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र काल आलं. मधल्या माझ्या पत्राबद्दल काय लिहू? ते तुम्ही शाळेत वाचलं असेल, बाकीच्या बाईंसमोर. तेवढंच मनात येतं आणि कान गरम होतात.

सत्तावीसचं सांगतो.

पंधरा दिवस मी मनात भाषणं करत होतो. मिस्त्रीला काही सांगितलं नव्हतं. त्या सकाळी एक जुनी इमारत होती, नऊ मजली. काम अकराला संपणार होतं. दोर तपासायचे होते, आणि दोर तपासायचे म्हणजे लिफ्ट हातभर हातभर वर न्यावी लागते, मिस्त्री टपावर बसून प्रत्येक वीत बोटांनी चाचपतो. मला वाटलं कंपनीतून दुसरा कोणी येईल. मिस्त्रीने मला जिन्याखालच्या खोलीत नेलं आणि म्हणाला, "मी 'वर' म्हटलं की दाब. 'बस' म्हटलं की सोड. बाकी जगबुडी झाली तरी इथून हलायचं नाही." आणि निघाला. मी विचारलं, "तिने तुम्हाला सांगितलं ना?" तो म्हणाला, "म्हणून तर. याआधीच्याला सगळ्यांनी देवमाणूस म्हटलं होतं. देवमाणसाचं एकदा बायकोशी भांडण झालं आणि त्याने बटण सोडलंच नाही. माझी पाठ अजून दुखते. तुझ्या बाबतीत निदान कुठे बघायचं ते ठाऊक आहे. पाच आठवडे बघतोय."

वर. बस. वर. बस. साडेअकरा झाले तेव्हा पाचवा मजला होता. एका दोराची एक लड तुटलेली सापडली, मग तो प्रत्येक वीत दोनदा बघायला लागला. पावणेबाराला इमारतीचा व्यवस्थापक आला. म्हणाला, लोक जिने चढून थकलेत, किती वेळ? मी म्हटलं, माहीत नाही. तो म्हणाला, "तुम्हा बाहेरच्या लोकांना कशाचीच घाई नसते." आणखीही बरंच म्हणाला, सगळं मला कळलं, ही भाषा शिकल्याचा पहिल्यांदाच पस्तावा झाला. त्याचं नाक माझ्यापासून एक वीतभर होतं. माझं बोट बटणावर होतं. वरून आवाज आला, "बस." मी सोडलं. व्यवस्थापक थोडा वेळ थांबला आणि निघून गेला.

बारा वाजले. सव्वाबारा. मी वर हाक मारून सांगितलं असतं की मला जायचंय, तर म्हाताऱ्याने काम थांबवलं असतं. कुलूप लावून पाच मिनिटांत उतरला असता. हे मला तेव्हाही माहीत होतं. तुम्ही म्हणाल, भाऊजी शहाणे झाले, जबाबदारी कळली. तसं लिहून पाठवायचा मोहही झाला, पण तुम्ही कुंडी ओळखलीत तसं हेही ओळखाल. खरं असं की मला भीती वाटली. ती बाही वर करील आणि या वेळी मला दिसेल, याची. त्या खोलीत उभं राहायला मला कारण होतं आणि मी ते घट्ट धरून ठेवलं. बटण नीट सांभाळलं हे खरं. भ्यालो हेही खरं. यातलं किती कुठलं, ते मला वेगळं करता येत नाही.

मिस्त्री खाली आला तेव्हा एकला दहा कमी होते. मग मी सांगितलं. तो चष्मा पुसत म्हणाला, "गाढवा, तोंड नव्हतं का?" आणि गाडीची चावी काढून मला स्वतः तिथे सोडलं. पोचलो तेव्हा एक वाजून पंचवीस. कँटीनमधली बाई टेबलं पुसत होती. मी विचारलं, डाव्या मनगटावर व्रण असलेली मुलगी इथे बसली होती का? म्हणाली, होती, खिडकीशी, एक वाजता गेली. मी त्या खुर्चीवर बसलो. राग येईल म्हणून वाट बघत बसलो, बसची बघतात तशी. आला नाही. तो आला असता तर बरं झालं असतं, वहिनी, निदान ओळखीचं कोणीतरी.

नंबर पुसून टाकला.

आता कामाचं. कंपनीने वर्षभराच्या परवान्याच्या कागदावर सही केली. म्हणजे मी राहू शकतो. आणि राहतोय. दादाने "ये" म्हटलं, तो शब्द मी किती वेळा वाचला ते सांगत नाही. पण आत्ता आलो तर मी पुन्हा एक जागा अर्धी सोडून आलेला माणूस असेन, आणि तेच टेबल मला रोज ते दाखवील. टेबल तुम्ही घ्या. पेपर पसरायला जागा लागते तुम्हाला.

सोबत दोन कागद आहेत. एक त्या मुलासाठी, ज्याला मी मारलं. तो जे बोलला ते वाईटच होतं, तसं मी त्यात लिहिलंय, आणि मारलं ते चुकलं हेही. दुसरा प्राचार्यांसाठी, त्यात काचेच्या दाराचं आणि मनगटाचं सगळं आहे. ते म्हणतील माफी आली, आता मुलगा कुठे? त्यांना म्हणावं माफी ठेवून घ्या, जागा दुसऱ्या कोणाला द्या. तिला काही लिहिलेलं नाही. तिने जे मागितलं होतं ते समोर बसून ऐकून घेणं होतं, ते मी दिलं नाही. कागदावर पाठवून ते आता होणार नाही.

दादाला फोन करू का, विचारून ठेवा. आता त्याच्या तोंडून काही निघून जायचं राहिलं नाही.

आज पहिल्यांदा मी आत जाणार. लिफ्टच्या टपावर मी, जिन्याखाली म्हातारा. त्याच्या पाठीला आता ते वाकणं झेपत नाही. आत उतरणाऱ्याला कंपनीचा एक फॉर्म भरून द्यावा लागतो. तीन दिवस तो टेबलावर पडून होता. सगळं भरलंय. शेवटी एक रकाना आहे: काही झाल्यास या शहरातल्या कोणाला कळवायचं. तुमचं नाव लिहू का म्हणून कंपनीतल्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, नाही, इथलंच हवं, लगेच येऊ शकेल असं. मिस्त्री चालणार नाही, तो तर तिथेच असणार. घरमालकिणीला विचारायला काल जिना उतरून गेलो, तिच्या दारापर्यंत, आणि परत आलो. बाई म्हणाल्या होत्या, "कोणीच नसेल तर रेघ मारा, चालते."

रेघ मी मारलेली नाही. खाली गाडीचा भोंगा वाजला, म्हाताऱ्याला थांबायला आवडत नाही. हे पत्र आणि तो फॉर्म, दोन्ही खिशात घालतो. रकाना तसाच आहे. बूट घातले, टोपी घेतली. दार ओढून घेतो.